पंपाचं इंजिन गो-कार्टला: कोकणातल्या चढांचा हिशेब

भातकापणी उरकली की पॉवर वीडर पडवीत येऊन बसतो, पाऊस लागला की पाण्याचा पंप. दोघांच्या अंगावर इंजिन बहुधा एकाच घराण्याचं असतं: होंडा जीएक्स १६० किंवा त्याची चिनी नक्कल. फोर-स्ट्रोक, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, दोरी ओढून सुरू होणारं. आपली पहिली गो-कार्ट (जमिनीलगतची, चार चाकांची उघडी छोटी गाडी) बनवणाऱ्याला याहून सोयीचं इंजिन सापडणार नाही. सुटे भाग पंप दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतात, आणि काही चुकलं तरी खिसा फार हलका होत नाही.

जीएक्स १६० म्हणजे १६३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४५ मिमी. मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर ४.८ एचपी, आणि सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवायची ओढ, २५०० फेऱ्यांवर, १०.३ न्यूटन-मीटर. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. इथे सरळ सपाट दोनशे मीटर मिळायची मारामार, चढ मात्र दर वळणाला. त्यामुळे फेऱ्या वाढवून वेग काढायचा उद्योग पहिल्या कार्टमध्ये करू नका. आहे ती ओढ चाकापर्यंत नीट पोचवली तरी कार्ट पळते.

इंजिन घेताना आधी शाफ्ट बघा

लोक एचपी विचारतात आणि फसतात शाफ्टवर. पंपाच्या बऱ्याच इंजिनांचा शाफ्ट आट्यांचा असतो, पंपाचा पंखा थेट त्यावर फिरवून बसवलेला असतो. जनरेटरच्या इंजिनाचा शाफ्ट निमुळता. या दोन्हींवर क्लच (फेऱ्या वाढल्या की आपोआप धरून चेन फिरवणारा) बसत नाही. लेथवाल्याकडून त्यावर बुश चढवून घेता येतो, पण तो नेमका मध्यावर आला नाही तर चेन एकदा सैल, एकदा ताठ अशी चालते आणि क्लचचा बुश खाते. आपल्याला हवा सरळ शाफ्ट, ज्याच्या खाचेत ‘की’ बसते, म्हणजे क्लच शाफ्टवर घसरू न देणारी लोखंडी पट्टी.

सरळ शाफ्टमध्येही दोन मापं आहेत, आणि नुसत्या डोळ्यांना ती सारखीच दिसतात. एक १९.०५ मिमी, म्हणजे पाऊण इंच, त्याची की ४.७६ मिमीची. दुसरं २० मिमी, की ५ मिमीची. पाऊण इंचाचा क्लच २० मिमीवर हातोडीने ठोकून बसवायचा मोह होतो. तो निम्म्यात अडकतो आणि मग पुलर लावूनही निघत नाही. शाफ्टच्या तोंडावरच्या भोकाचे आटेही वेगळे असतात, पाऊण इंचाला ५/१६ इंचाचे बारीक, २० मिमीला बहुधा एम ८. व्हर्निअरने मोजा, आकडा कागदावर लिहा, मगच क्लच मागवा.

पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी जुनी पंप इंजिनं स्वस्तात मिळतात. ती घेऊ नका. रॉकेलसाठी त्यांचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, ओढ येतच नाही. खाडीकाठच्या बागेत चाललेला पंप असेल तर कार्बोरेटरची वाटी उघडून बघा. आत पांढरी पूड चिकटलेली दिसली तर इंजिनाच्या किमतीत नव्या कार्बोरेटरचेही पैसे धरा.

बसवण्याआधी उघडून करायची कामं

जुनं तेल गरम असताना काढा. नवीन बसतं साधारण ६०० मिली. १०डब्ल्यू-३० उत्तम, नाही मिळालं तर मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० चालतं. या इंजिनाला तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक छोटा चमचा असतो, तो तेल वर उडवतो. पातळी उतरली की सगळ्यात आधी मरतो तो रॉड.

मग व्हॉल्व्ह. इंजिन पूर्ण थंड हवं. वरच्या झाकणाचे चार बोल्ट १० च्या पान्याने काढा. प्लग काढून दोरी हळू ओढत पिस्टन वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा फेरीत. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पानांनी) लावा: इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. पान गेलं पाहिजे, पण किंचित घासत. सुळकन सरकलं तर सैल आहे. हे काम टाळणारे पुढे तक्रार करतात की दोरी हाताला झटका देते. त्याचं कारण इथेच आहे. सुरू करताना कॉम्प्रेशन थोडं सोडणारी एक लहानशी युक्ती कॅमशाफ्टवर असते, ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलते. फट वाढली की तिचं उचलणं फटीतच जिरून जातं.

प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी. कॉइल (ठिणगी देणारी) आणि फ्लायव्हील (चुंबक बसवलेलं जड चाक) यांच्या मधली फट साधारण ०.४ मिमी, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून बोल्ट आवळा. समुद्राजवळच्या गावात फ्लायव्हीलच्या चुंबकावर गंजाची खपली चढलेली असते, ती बारीक पॉलिश पेपरने काढा, नाहीतर ही फट खोटी लागते.

गिअरिंग: इथे वेळ घाला

समजा मागची चाकं स्कूटरची, ३.५० बाय १० इंची. टायरसकट व्यास साधारण ४३० मिमी, म्हणजे एका फेरीत कार्ट १.३५ मीटर पुढे जाते. इंजिनाच्या ३६०० फेऱ्यांवर ६ ला १ गुणोत्तर (इंजिनाच्या सहा फेऱ्यांना चाकाची एक) ठेवलं तर ताशी ४८ किमी निघतात, ८ ला १ ठेवलं तर ३६, १० ला १ ठेवलं तर २९. कागदावर सगळ्यांना ६ आवडतो.

आता चढाचा हिशेब. कार्ट आणि माणूस मिळून १८० किलो. दहा मीटरला एक मीटर चढणारी पाखाडी असेल तर नुसतं वजन वर ओढायला १८ किलोचा जोर लागतो, आणि मातीवर चाक फिरवायला साधारण ९ किलो. एकूण २७. दुसऱ्या बाजूला, इंजिनाचा १०.३ चा टॉर्क, चेन-बेअरिंगमध्ये १५ टक्के गेले असं धरून, ६ ला १ वर चाकाशी फक्त २५ किलोचा जोर देतो. म्हणजे कार्ट चढावर थांबणार. ८ ला १ वर ३३ किलो मिळतात, १० ला १ वर ४१. सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा कापणी झालेल्या मळ्यात चालवायची असेल तर ८ पुरतो. घराभोवती घाटीच असेल तर १०.

६ ला १ वाल्यांची कार्ट थांबते तेव्हा इंजिन बंद पडत नाही, म्हणून चूक लगेच कळत नाही. क्लच घसरत राहतो. दोन मिनिटांत त्याचा ड्रम निळा पडतो, करपट वास येतो, मग बुश आतल्या आत चिकटतो आणि रेस सोडली तरी कार्ट पुढे जात राहते. क्लच खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चकतीचे) दात मोजा.

एकाच चेनवर ८ ला १ काढायचं तर १० दातांच्या क्लचला मागे ८० दातांचं स्प्रॉकेट लागेल. अर्धा इंच पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनला त्याचा व्यास ३२ सेंटीमीटर होतो, जमिनीपासून अंतर उरतं पाच. पहिलाच जांभ्याचा दगड ते वाकवतो. म्हणून मध्ये एक शाफ्ट घाला: २० मिमीचा ब्राइट बार, दोन्ही टोकांना यूसीपी २०४ बेअरिंग. क्लचचे १० दात, मधल्या शाफ्टवर मोठं २० दातांचं आणि लहान ११ दातांचं, ॲक्सलवर ४४. दोन चोक आठ. १० ला १ हवं तर फक्त ॲक्सलवरचं स्प्रॉकेट ५५ चं करा. चेन आणि चारही स्प्रॉकेट एकाच जातीची घ्या. ४२० आणि ४२८ दोन्हींचं पिच १२.७ मिमीच असतं, रुंदी वेगळी. ४२० ची चेन ४२८ च्या दातांवर बसतच नाही.

बसवणी

शाफ्टकडून बघितलं तर हे इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे शाफ्ट कार्टच्या डाव्या अंगाला यायला हवा. उजवीकडे ठेवून सगळं वेल्डिंग झालं की कार्ट मागे पळते, आणि हे दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच. मध्ये शाफ्ट घातला तरी चेनने दिशा बदलत नाही, नियम तोच.

पायाची पट्टी ६ मिमी जाडीची, तिला गोल भोकं न पाडता ४० मिमी लांबीच्या खाचा पाडा, म्हणजे इंजिन सरकवून चेन ताणता येते. बोल्ट ८.८ ग्रेडचे एम ८, नायलॉन घातलेले नट. चेनच्या मध्यावर बोटाने दाबून १० ते १२ मिमी खाली-वर हलली पाहिजे. स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. चेन उतरण्याचं पहिलं कारण ढिलेपणा नसून हा तिरपेपणा असतो. टाकी इंजिनावरच राहू द्या, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. देखणेपणासाठी ती सीटखाली नेली की वेगळा पंप लागतो.

चेन आणि क्लचवर पत्र्याचं झाकण हवंच. पायजम्याची नाडी, ओढणी, लांब केस, काहीही त्यात जाऊ शकतं.

रेस आणि बंद करायची सोय

पंपाची रेस एकदा लावली की तिथेच राहते, कारण पंपाला तेच हवं असतं. कार्टला ते घातक. लीव्हरच्या बुडाशी घर्षणासाठी एक वॉशर आणि नट असतो. तो वॉशर काढा, लीव्हर मोकळा हलू द्या, आणि स्कूटरची रेस केबल पायाच्या पॅडलपासून आणून लावा. परत खेचणाऱ्या स्प्रिंगा दोन: एक लीव्हरवर, एक पॅडलवर. खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजून तुटते, तेव्हा दुसरी कामाला येते. केबल कव्हरमध्ये तेल सोडा आणि तिचं वरचं तोंड खाली झुकलेलं ठेवा, नाहीतर पहिल्या पावसाचं पाणी आत साचतं.

इंजिन बंद होतं ते कॉइलची काळी वायर बॉडीला टेकली की. ती वायर लांबवून स्टिअरिंगजवळ स्विच लावा. दाबल्यावर जोडणारा हवा, तोडणारा नको. मल्टिमीटरने तपासून घ्या. त्याहून बरी सोय मच्छीमारांकडे बघून घ्या. होडीच्या आउटबोर्ड इंजिनाला मनगटाला बांधायची लाल दोरी असते, माणूस पाण्यात पडला की क्लिप निसटते आणि इंजिन बंद होतं. तोच स्विच इथे बसतो.

काही इंजिनांना तेल कमी झाल्यावर बंद पाडणारा सेन्सर असतो, त्याची पिवळी वायर. चढावर किंवा जोरात वळताना तेल एका बाजूला जातं आणि पातळी पुरेशी असूनही इंजिन गचकन बंद पडतं. अशा वेळी ती वायर सोडवतात. सोडवली तर दर वेळी दोरी ओढण्याआधी तेल बघायचं, त्याला सुट्टी नाही.

हवा, धूर, जेट

मोकळ्या जाळीचा फिल्टर लावू नका. जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते, एका हंगामात रिंगा खाते आणि तेल विटकरी करते. मूळ फिल्टरमधला स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, वाळवा, इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा. कागदी भाग बाहेरून हवा मारून साफ करू नका, धूळ आत जाते.

सायलेन्सर बदलायचा असेल तर साधारण २५ मिमी आतल्या व्यासाचा, ३० ते ४० सेंटीमीटरचा पाइप आणि त्यापुढे सायलेन्सर. टेकू इंजिनावरच द्या, फ्रेमवर नको. चेन ताणायला इंजिन सरकवलं की फ्रेमचा टेकू फ्लँजजवळ वेल्डिंग तोडतो. निव्वळ उघडा पाइप ठेवलात तर ओढ वाढत नाही, वाडीतल्या शिव्या वाढतात.

धूर मोकळा झाला की हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच राहतं. हे पारखायची सोपी रीत: कार्ट चढावर पूर्ण रेसमध्ये चालवताना चोक किंचित ओढायला लावा. इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय. गुदमरलं तर आहे ते बरोबर. दुसरी खूण प्लगची: पूर्ण रेसवर चालवून तिथेच स्विचने बंद करा, प्लग काढा. चहाच्या रंगाचा हवा. पांढरा म्हणजे कोरडं जळतंय, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोकाचं बोंड, कार्बोरेटरच्या वाटीच्या आत, मधल्या नळीच्या बुडाशी असतं, आणि अशा जेटवरचा आकडा बहुधा भोकाचा व्यास सांगतो, ७० म्हणजे ०.७० मिमी. एका वेळी तीन ते पाच आकडे वर जा. जुनं जेट ड्रिलने मोठं करायला जाऊ नका, बारीक बीट वाकडा जातो आणि भोक लंबगोल होतं. कोल्हापूरकडून सेट करून आणलेलं इंजिन इथे जरा कोरडं चालू शकतं. घाटाखाली हवा दाट, फरक थोडाच, पण प्लग बघून घ्या.

गव्हर्नर काढू का?

हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर: पहिल्या इंजिनात नाही. गव्हर्नर फेऱ्या ३६०० च्या आसपास, भार नसताना ३८५० पर्यंत रोखतो. तो काढला की इंजिन पाच हजारांच्या पुढे सहज जातं. रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ३६०० वरून ५००० म्हणजे जवळपास दुप्पट. रॉड ओतीव ॲल्युमिनियमचा, तेल चमच्याने उडवलेलं. तो तुटला की ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. त्याहून वाईट फ्लायव्हील. ते ओतीव लोखंडाचं, जास्त फेऱ्यांवर फुटू शकतं, आणि इंजिन सीटच्या पाठीमागे असतं. ज्यांना फेऱ्या वाढवायच्याच असतात ते आधी घडीव ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील, मजबूत रॉड आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा घालतात, आणि त्या खर्चात दुसरं इंजिन येतं.

इंजिन वर-खाली हेलकावे खात असेल तर गव्हर्नरचा दांडा चुकलेला असू शकतो. दांड्याचा नट सैल करा, थ्रॉटल (कार्बोरेटरमधली रेसची झडप) पूर्ण उघडा धरा, आणि ज्या दिशेने दांडा हलून थ्रॉटल उघडला त्याच दिशेने मधली छोटी सळी अडेपर्यंत फिरवा. तसंच धरून नट आवळा. फेऱ्या मोजायला प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त टॅकोमीटर पुरतो, पण हे इंजिन दर फेरीला ठिणगी टाकतं. मीटर दोन फेऱ्यांना एक ठिणगी असा लावलेला असेल तर ७२०० दाखवून घाबरवतो.

पहिली फेरी

मागचा ॲक्सल दोन चिऱ्यांवर उचला, चिऱ्यावर फळी टाका म्हणजे घसरणार नाही. सुरू करा. संथ चाल १४०० च्या आसपास. त्यावर चाकं फिरता कामा नयेत. फिरत असतील तर चाल कमी करा, क्लच साधारण २००० च्या पुढे धरायला हवा. रेस सोडल्यावर लीव्हर झटकन परत येतो का, स्विचने आणि मनगटाच्या दोरीने इंजिन बंद पडतं का, ब्रेक दाबल्यावर चाकं अडतात का, हे सगळं इथेच बघा. मोटरसायकलची डिस्क मागच्या ॲक्सलवर लावली तर ब्रेक पुरतो. मग सपाटीवर दहा मिनिटं, बंद करून प्रत्येक बोल्ट परत आवळा. पहिल्यांदा बोल्ट हमखास सैल निघतात. पाच तास चालल्यावर तेल बदला.

रस्त्यावर आणू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी नोंदणी नसलेलं वाहन चालवता येत नाही, आणि अल्पवयीन मूल चालवताना सापडलं तर कलम १९९अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. पुळणीचाही नाद सोडा. वाळू चेनमध्ये गेली की ती कानशीसारखी स्प्रॉकेट घासते. स्वतःचा मळा, बागेतली वाट, मालकाला विचारून सडा, एवढं पुरे आहे. हेल्मेट मात्र मळ्यातही.

खारी हवा आणि आगोट

स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये कोरडा घालू नका, वर्षभरात खाऱ्या ओलाव्याने असा धरतो की काढताना आटेच बाहेर येतात. आट्यांना ग्रीस लावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरला पहिल्यांदा तेच मिळतं. महिन्याभरात वापरायचं नसेल तर पेट्रोल काढून ठेवा.

आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की, लाकडं आत घेताना कार्टचंही उरका. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. वाटीचा बोल्ट काढून उरलेलं पेट्रोल सांडा. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा आणि शेवटी दोरी जड लागेल तिथे थांबा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. चेन काढून तेलात बुडवून डब्यात ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि श्रावण सरल्यावर कितीही दोरी ओढली तरी इंजिन सुरू होत नाही. फडक्याचं एक टोक हातभर बाहेर लोंबतं ठेवा आणि त्याच टोकाने दोरीची मूठ बांधून टाका, म्हणजे फडकं काढल्याशिवाय कुणी दोरी ओढणार नाही.